सेल बदलला

झेस्तापोनीच्या पाणीपट्टी कार्यालयाची तक्रार होती
की पावत्या सकाळी सहाला छापल्या जातात.
कार्यालय उघडतं नऊला.
सहाला तिथे पहारेकरीही नसतो,
असते फक्त एक मांजर, थंड रेडिएटरवर.

ओतार म्हणाला, जा, सेल बदलून ये.
मदरबोर्डवरचा तो बटणाएवढा सेल,
तो संपला की यंत्राचं भान सुटतं,
कुठल्या तरी जुन्या जानेवारीत जाऊन बसतं ते.
मी बदलला. नोव्हेंबरात एकदा, फेब्रुवारीत पुन्हा.
घड्याळ हाताने पुढे ओढलं.
त्सिआला शेजारी उभी राहायची, खांद्यावर शाल,
"सापडलं का काही?" विचारायची
आणि सापडलं नाही म्हटलं की
चहात आणखी एक चमचा साखर घालायची.
दुसऱ्या दिवशी घड्याळ परत तीन तास मागे.

मार्चच्या शेवटच्या सोमवारी तक्रार बदलली.
आता पावत्या सातला छापल्या जात होत्या.

इथे मी थांबलो.
सेल मरतो तो मरतो,
ऋतू बघून तासभर सुधारत नाही.

गेलो तेव्हा ती बँकेत गेली होती.
पडद्यावर तीच हिरवी टेकडी,
जिच्यावर आजवर कुणी चढलेलं नाही.
टेकडीवर फायलींची गर्दी: नवा मजकूर, नवा मजकूर दोन,
नवा मजकूर अकरा.
कचऱ्याची टोपली काठोकाठ.
(ती रिकामी करू देत नाही. म्हणते, लागतं कधी कधी.)
पत्त्यांचा डाव अर्धा सोडलेला, किलवरची राणी अडकून.
आणि खाली, एक नोटपॅड उघडं:

सहा. म्हाताऱ्याला कुशीवर वळवणं.
साडेसहा. गोळ्या, पांढरी आधी.
एक. भरवणं. तो थुंकतो.
गुरुवार दोन ते आठ, मोकळी.
मोकळी असली की समुद्राकडे जाते. फोन करू नये,
तिला करू द्यावा.

मी कोपऱ्यातल्या घड्याळावर टिचकी मारली.
शहरांची लांबलचक यादी उघडली.
तिबिलिसी होतं त्यात, एकटं, स्वतःच्या ओळीत ऐसपैस.
निवडलेली ओळ मात्र वर होती, कितीतरी वर:
आम्स्टरडॅम, बर्लिन, बर्न, रोम, स्टॉकहोम, व्हिएन्ना,
सहा शहरं एका बाकावर दाटीवाटीने.

"बारी नाही त्यात," मागून आवाज आला.
पिशवी टेबलावर ठेवत ती म्हणाली,
"सगळी यादी पाहिली. रोम त्यातल्या त्यात जवळ पडतं."

खातुनाला जाऊन सात वर्षं झालीत.
भिंतीवर दुसरं घड्याळ लाव की, मी म्हणालो.
"भिंतीवरचं सगळ्यांना दिसतं," ती म्हणाली,
"लोक विचारतात."
मग काही बोलली नाही. राणी उचलून राजाखाली ठेवली,
जी मला दहा मिनिटं दिसली नव्हती.

लेखापरीक्षक बुधवारी येणार होता.
मी पावतीचा तक्ता उघडला,
वेळेच्या चौकटीत एक सूत्र लिहिलं:
आत्ता, अधिक दोन तास.
पावती छापून पाहिली. अकरा वाजून चाळीस. अगदी खरी.
कोपऱ्यात नऊ चाळीस होते, तेही खरे.

कामाच्या कागदावर लिहिलं: सेल निकामी. बदलला.
तिने फॅन्टाच्या बाटलीत आलुबुखारची हिरवी चटणी दिली,
झाकण घट्ट नव्हतं, बसमध्ये बॅग भिजली.
ओतारने विचारलं, एवढा वेळ? मी म्हटलं, जुनं यंत्र आहे.

आमच्या देशात घड्याळं फिरवत नाहीत,
उन्हाळा असो की हिवाळा, एकच वेळ.
त्यामुळे मला आठवण राहिली नसती.
ऑक्टोबर सरताना फोन आला,
मागे प्रिंटर करकरत होता.

"अरे," त्सिआला म्हणाली,
"सेल संपत आलाय वाटतं.
या वेळी तीन घाल."